टोकियोच्या नोदाईत एक्स्चेंजचं एक वर्ष, पाचपैकी सव्वाचार

कॉलेजातल्या ज्युनिअर पोरापोरींचे इतके मेसेज येतात, ताई जपानला एक्स्चेंजला जाऊ का, खर्च किती, जपानी यायलाच लागतं का, खायचं काय, की आता एकदाच बसून सगळं लिहून टाकते म्हणजे प्रत्येकाला वेगळं व्हॉइस नोट पाठवायला नको. लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

तर मी एप्रिल 2024 ते फेब्रुवारी 2025 टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ ॲग्रिकल्चरला होते, सेतागाया कॅम्पसला. तिकडे तिला कुणी एवढ्या लांब नावाने ओळखत नाही, नुसतं नोदाई म्हणायचं. अर्ज भरणाऱ्यांनी हे आधी नीट बघा की टोकियोत अजून एक आहे, टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ ॲग्रिकल्चर अँड टेक्नॉलॉजी, ती फुचूला, ती सरकारी आणि तिला नोको म्हणतात, आणि नोदाई ही खाजगी. माझ्या मामाने घरच्या ग्रुपवर वर्षभर चुकीच्या युनिव्हर्सिटीचे फोटो टाकले, अभिनंदनाच्या फुलांसकट.

नोदाई 1891 ची आहे. काढली कुणी तर एनोमोतो ताकेआकी नावाच्या आरमारातल्या माणसाने, जो आधी शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी राजवटीच्या बाजूने नव्या सरकारविरुद्ध हाकोदातेत शेवटपर्यंत लढला, हरला, तुरुंगात गेला आणि नंतर त्याच नव्या सरकारात मंत्री झाला. अशा माणसाला शेतीची शाळा काढावीशी वाटली हे मला जाम आवडतं. पण खरा माणूस दुसरा, योकोई तोकियोशी, पहिला अध्यक्ष. त्याच्याकडे येतेच.

पैशाचं आधी उरकून टाकते. एक्स्चेंजमध्ये फी आपल्या इथल्या कॉलेजलाच भरायची, तिकडे नाही. मला जास्सोची (जपानची विद्यार्थ्यांसाठीची सरकारी संस्था) स्कॉलरशिप मिळाली, महिन्याला 80 हजार येन, तेव्हा येन 55-57 पैशाच्या आसपास होता म्हणजे 45 हजार रुपये धरा. ऐकायला भारी वाटतं पण त्यातले 48 हजार येन खोलीलाच जायचे. उरलेल्यात टोकियोत महिना काढणं म्हणजे पंचायत. मग पार्टटाइमची परवानगी काढली (स्टुडंट व्हिसावर आठवड्याला 28 तासांपर्यंत चालतं) आणि स्टेशनजवळच्या एका भाजीवाल्याकडे संध्याकाळी लागले, तासाला 1113 येन, तेव्हा टोकियोचं किमान वेतन तेवढंच होतं, ऑक्टोबरपासून 1163 झालं. काकडी वाकडी निघाली तर ती वेगळ्या टोपलीत, कमी भावात. मी पहिल्या दिवशी विचारलं की वाकडीला झालंय काय, तर मालकीणबाई म्हणाल्या काही नाही, वाकडी आहे. त्या वाकड्या काकड्या वर्षभर माझ्या घरी आल्या.

खोली नोदाईची नव्हती, एका खाजगी होस्टेलची होती, नाव लिहीत नाही. फोटोत खिडकीतून झाड दिसतं, प्रत्यक्षात खिडकी उघडली की हात लांब केला तर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. हिवाळ्यात आत बसून तोंडातून वाफ यायची. निघताना साफसफाईचे म्हणून डिपॉझिटमधून जे कापलं त्यात आमच्याकडे अख्खं घर रंगवून झालं असतं. एका बँकेने सांगितलं सहा महिने झाले की या, तोवर खातं नाही. वॉर्ड ऑफिसचं काम मात्र झटपट झालं. एअरपोर्टलाच रेसिडेन्स कार्ड देतात, 14 दिवसांत जाऊन पत्ता नोंदवायचा, सरकारी आरोग्य विमा घ्यावाच लागतो आणि मग डॉक्टरकडे तीस टक्केच आपल्या खिशातले. माझी दाढ एकदा तिथे भरलीय, त्यामुळे विम्याला पूर्ण मार्क.

आता अभ्यास. खरं सांगते, इंग्लिशवर भागेल असं समजून जाणार असाल तर जाऊ नका. इंग्लिशमध्ये शिकवतात असे कोर्स आहेत, पण बॅचलरचं बहुतेक सगळं जपानीत चालतं आणि मजा पण तिथेच आहे. मी जपानी भाषेच्या परीक्षेची एन फोर पातळी करून गेले होते, वाटायचं बऱ्यापैकी येतं, आणि पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या सेनपाईने म्हणजे सीनियरने जे काही सांगितलं त्यातलं मला फक्त "माती" आणि "उद्या" एवढं कळलं. दुसऱ्या दिवशी मी माती घेऊन गेले. कुदळ घेऊन यायचं होतं.

तिकडे वर्गापेक्षा लॅब हे तुमचं घर. तुमचं टेबल, तुमचा कप, गमबूट ठेवायची तुमची जागा. सेन्सेई म्हणजे सर वरती, मग पीएचडीवाले, मग मास्टर्स, मग आपण. आपल्याकडे सर आले की उभं राहायचं, तिकडे सर स्वतः फावडं घेऊन चिखलात असतात आणि आपण बांधावर उभं राहिलो तर लाज वाटते. गमबुटांचं अजून एक, इथून नेणार असाल तर घासूनपुसून न्या, माती लागलेली वस्तू तिकडे आत येऊ देत नाहीत. भात म्हणजे साळ, बियाणं, हापूस, काहीही बॅगेत घालू नका. माझ्या आजीने गुपचूप पिशवीत पसाभर घरचं बी घातलं होतं ("तिकडे लाव जरा") ते मी मुंबईला विमानतळावर सापडल्यावर मावशीकडे परत दिलं, नाहीतर माझी एक्स्चेंज नारिताच्या क्वारंटाइन काउंटरवरच संपली असती.

मी राजापूरकडची, घरी चार ठिकाणी मिळून दोनेक एकर भात. त्यामुळे मला खास काय आवडलं तर प्रॅक्टिकल. शेतं कानागावाकडे आहेत, ओदाक्यू लाइनने तासाभराचा प्रवास. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमचं पहिलं काम होतं एन्सुइसेन. म्हणजे मिठाच्या पाण्यात बी टाकायचं, जड दाणे तळाला, पोचट दाणे वर, वरचे काढून फेकायचे. मी मनात म्हटलं हे तर आपलंच, बाबा दरवर्षी करतात, कृषी सहायकाने सांगितलेलं, 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ, तीन टक्के. हसत हसत मी पुढे झाले आणि मीठ ओतायला लागले तर शेजारची मुलगी म्हणाली अजून. अजून. अजून. दोन किलो झालं! दहा लिटरला दोन किलो मीठ. मला वाटलं ही भाताचं लोणचं घालतेय की काय. मग सेन्सेईंनी खिशातून अंडं काढलं, खरंच खिशातून, आणि त्या पाण्यात सोडलं. मीठ कमी असलं की ताजं अंडं तळाला बसतं, मग उभं राहतं, आणि पाणी बरोबर झालं की आडवं होऊन वर येतं, नाण्याएवढं टक्कल पाण्याबाहेर दिसतं. मग समजायचं घनता 1.13 झाली. चिकट मोची भाताला 1.08 चालते. लॅबमध्ये लाखो येनची यंत्रं आहेत आणि हे अंड्यावर बघतात. बी लगेच काढून दोनतीन पाण्यांत धुवायचं, नाहीतर मीठ उगवणीला बाधतं.

ही पद्धत शोधून काढली ती या योकोईनेच, 1882 मध्ये, फुकुओकाच्या शेतकी शाळेत शिकवत असताना. म्हणजे माझे बाबा राजापुरात पिंपात जे हलवत बसतात त्याचा मूळपुरुष माझ्या युनिव्हर्सिटीचा पहिला अध्यक्ष. मी त्या रात्री घरी फोन करून हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "हो का, बरं. तुझ्याकडे थंडी आहे का?"

मी सेन्सेईंना विचारलं की आमच्याकडे तीन टक्के आणि इथे वीस, एवढा फरक का. मला वाटलं आता फळ्यावर काहीतरी काढून समजावतील. त्यांनी योकोईचंच एक वाक्य ऐकवलं, ते तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे, भाताचं भाताला विचार, शेतीचं शेतकऱ्याला विचार. आणि निघून गेले. मला भयंकर राग आला होता तेव्हा, पंधरा हजार रुपयांचे क्लास लावून मी जपानी शिकले आणि प्रश्न नीट विचारला, आणि हे मला म्हणी सांगतायत.

पण हीच तिथली शिकवायची रीत आहे आणि ती झेपणार नसेल तर आधीच विचार करा. नोट्स देत नाहीत. उत्तर देत नाहीत. तुम्ही तीन आठवडे चुकीचं करत असाल तर शांतपणे बघत बसतात, वहीत लिहितात. आपल्याकडे इम्पॉर्टंट प्रश्न मागायची सवय, तिकडे ते चालत नाही.

बाकी भातशेतीचं बघाल तर यंत्रंच यंत्रं. तरवा म्हणजे भाताची रोपं ट्रेमध्ये, 60 बाय 30 सेंटिमीटरच्या, तो गालिच्यासारखा गुंडाळून लावणी यंत्रावर ठेवायचा. त्यांचं मोजमाप तान, ते किती हे मला कुणी समजावलं तर हेक्टरात, मग मीच वहीवर गणित केलं आणि निघालं की एक तान म्हणजे जवळजवळ आपले दहा गुंठे! त्यानंतर मला सगळं कळायला लागलं. एका तानाला वीसेक ट्रे लागतात. बसून चालवायचं यंत्र असेल तर दहा गुंठ्यांची लावणी अर्ध्या तासाच्या आसपास, चहा थंड व्हायच्या आत. आमच्याकडे तेवढ्याला आई, काकू, दोन बायका, इरली, आणि दुसऱ्या दिवशी कंबर. मी यंत्रावर बसून व्हिडिओ पाठवला तर काकूचा रिप्लाय आला, एक इकडे घेऊन ये.

पण ते यंत्र आहे कारण माणूस नाही. आमच्या शेताला लागून एका आजोबांचं शेत होतं, वय 78, एकटे. जपानात मुख्य धंदा शेतीच असलेल्या लोकांचं सरासरी वय तेव्हा 69 च्या आसपास होतं, हे मी पुस्तकात वाचून गेले होते, पण ते आजोबा यंत्र वळवताना एका हाताने गुडघा धरायचे ते बघितल्यावर तो आकडा वेगळाच वाटायला लागला. मुलगा योकोहामात कॉम्प्युटरमध्ये. आमच्या वाडीतही तेच, मुलगे सगळे नालासोपारा नाहीतर विरार, फक्त आमच्याकडे यंत्र पण नाही. आजोबांनी मला विचारलं भारतात भात हाताने लावतात का, मी म्हटलं हो, आणि गंमत म्हणजे ओळीत लावायच्या त्या रीतीला माझी आजी अजून "जपानी पद्धत" म्हणते. 1950 च्या दशकात आपल्याकडे ती मोहीमच होती, बोरिवलीच्या कोरा केंद्रातून सुरू झाली, तेच जिथे आता नवरात्रात गरबा असतो. आजोबा म्हणाले, मी लहानपणी दोरी धरायचो. माझी आजी पण दोरीच धरायची.

मग ऑगस्ट. जपानात तांदूळ संपला. म्हणजे खरंच, सुपरमार्केटमध्ये तांदळाचं शेल्फ रिकामं आणि वर माफीची चिठ्ठी. 2023 च्या उन्हाळ्याने दाणा बिघडवला होता, पुरवठा आधीच ताणलेला, त्यात 8 ऑगस्टला मियाझाकीला 7.1 चा भूकंप झाला आणि सरकारने नानकाई ट्रफच्या (जपानजवळची समुद्रतळाची खोल घळ) महाभूकंपाबद्दल सावध राहायला सांगितलं, झालं, सगळ्यांनी पोती घरात भरली. ज्या देशाने लोक भात कमी खातात म्हणून शेतकऱ्यांना पन्नासेक वर्षं कमी लावा कमी लावा सांगितलं तिथे माणशी एकच पिशवी अशी पाटी. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी रांगेत, पुढे एक आजी, मागे सूटातला माणूस, आणि मी कोकणातली, जिच्या घरी कणगी भरलेली आहे, पाच किलोसाठी छत्री घेऊन उभी. वर्षाच्या सुरुवातीला पाच किलो 2000 येनच्या आसपास होतं, मी फेब्रुवारीत निघाले तेव्हा चार हजाराला टेकलं होतं. लॅबमध्ये त्या महिन्यात सगळे फक्त तांदळावर बोलायचे. अर्थशास्त्राचं एक सेमिस्टर एका बाजूला आणि तो ऑगस्ट एका बाजूला.

खाण्याचं विचारता सगळे म्हणून, कॅन्टीनमध्ये तेव्हा चारशे ते सहाशे येनमध्ये पोट भरायचं. मी मासे खाते म्हणून निभावलं. पक्के शाकाहारी असाल तर त्रास आहे, कारण सूपच्या तळाशी सुक्या माशाचा अर्क असतोच आणि विचारलं तर "नाही नाही, मांस नाही" असंच उत्तर येतं कारण त्यांच्या हिशोबात मासा म्हणजे मांस नाही (हे कोकणात पण थोडं तसंच आहे म्हणा). मसाले शिन-ओकुबोला मिळतात, आणि आपली माणसं बघायची असतील तर निशी-कासाई, पण सेतागायापासून ते टोकियोच्या दुसऱ्या टोकाला. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, मला शेवटपर्यंत जमला नाही. प्रयत्न केला, माफ करा.

कॅम्पससमोर "खाणं आणि शेती" असं म्युझियम आहे, फुकट, चुकवू नका. केंगो कुमा या आर्किटेक्टने डिझाइन केलंय. आत पेंढा भरलेल्या कोंबडे-कोंबड्यांच्या रांगा आणि एका भिंतीवर साकेच्या म्हणजे तांदळाच्या दारूच्या बाटल्या, माजी विद्यार्थ्यांच्या भट्ट्यांच्या. नोदाईत आंबवणशास्त्राचा विभाग आहे, साके करणाऱ्या घराण्यांतली पोरं तिथे शिकायला येतात. माझ्या लॅबमधला एकजण बाटली दाखवून म्हणाला ही आमची, जसं आपण म्हणतो ही आमची बाग.

आणि मुळा! नोदाई म्हणजे मुळा. चीअर स्क्वाडवाले दोन हातांत दोन पांढरे मुळे, पानांसकट, घेऊन नाचतात, दाइकोन ओदोरी, आणि तुम्हाला पण नाचायला लावतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शूकाकुसाई म्हणजे सुगीचा उत्सव असतो, तेव्हा आसपासची सगळी सोसायटी कॅम्पसवर, मधाला रांग, मिसोला रांग, भाजीला रांग, मुळे फुकट वाटतात. त्या दिवशी मी तीन मुळे घरी आणले आणि किसून पराठे केले, होस्टेलभर वास, तक्रार आली. पण त्याआधी ऑक्टोबरमध्ये वाईट झालं होतं. जानेवारीत हाकोनेची मोठी रिले धावण्याची शर्यत असते, अख्खा जपान टीव्हीला चिकटलेला असतो, तिच्यात जायला आधी तचिकावाला पात्रता फेरी. प्रत्येक कॉलेजच्या पहिल्या दहा जणांच्या हाफ मॅरेथॉनच्या वेळा मिळवतात, पहिली दहा कॉलेजं जातात. बेरीज अकरा तासांच्या वर आणि नोदाई अकरावी आली, एका सेकंदाने. एका सेकंदाने! दहा जणांत कुणीही एकाने एक ढांग लांब टाकली असती तर. मी पहिल्यांदाच ती शर्यत बघत होते, मला नियम पण अर्धवट कळलेले, तरी रडायला आलं, माझ्या शेजारी हातात मुळा घेतलेला मुलगा होता, तो मुळा तसाच धरून बसला.

सव्वाचार का, पाच का नाही? ते पाऊण मार्क मी नोदाईचे कापलेले नाहीत, एक्स्चेंज या प्रकाराचे आहेत. परत आल्यावर इथल्या एका ऑफिसात माझे क्रेडिट धरायला साडेचार महिने लागले. जपानी ट्रान्सक्रिप्ट दिली तर म्हणे इंग्लिश आणा, इंग्लिश दिली तर म्हणे विषयाचं नाव आपल्या सिलॅबसशी जुळत नाही, "भातशेती प्रात्यक्षिक" कशात धरायचं. मॅडम, भातात धरा. म्हणून जायच्या आधी एकेक विषय कशाच्या बदल्यात धरणार हे सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या, तोंडी "होईल गं" वर विमानात बसू नका. आणि रविवार. रविवार फार लांब असतात तिकडे. लॅब बंद, सगळे आपापल्या घरी, कुणी कुणाकडे सहज जात नाही, मी क्योदो स्टेशनजवळच्या नोदाई-दोरी नावाच्या रस्त्यावर उगाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत बसायचे. गणपतीत टोकियो मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा आरतीच्या पहिल्या ओळीलाच घसा बसला.

ज्यांना सर्टिफिकेट हवंय किंवा तिकडेच नोकरी चिकटवायचीय त्यांच्यासाठी एक वर्ष हे काहीच नाही, त्यांनी सरळ मास्टर्सचं बघा. ज्यांच्या घरी शेत आहे आणि जे चिखलात उतरतात त्यांनी डोळे झाकून जा, आणि जमलं तर एप्रिलपासून जा, सप्टेंबरपासून गेलात तर फक्त कापणी मिळते, पेरणी हुकते.

हां, आणि ते मिठाचं. मी परत आल्यावर मे महिन्यात बाबा बी काढत होते, घरचं, कर्जत-3 जातीचं. मी एका बादलीत पाणी घेतलं, आईकडून अंडं मागून आणलं आणि मीठ टाकत गेले. तीन टक्क्याला अंडं तळाला, हलेना. मी टाकत राहिले, आई दारातून "अगो मीठ किती घालतंस" म्हणून ओरडतेय, शेवटी अंडं आडवं होऊन वर आलं, अगदी कानागावासारखं. मग दोन मुठी बी टाकलं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त तरंगायला लागलं. बाबा बघतच राहिले. म्हणाले, "तुझ्या जपान्याच्या नादान माझा बी सगळा फुकट गेला असता." पण फेकलं नाही त्यांनी. तरंगलेलं गोळा केलं, तीन पाण्यांनी धुतलं आणि तरव्याच्या एका कोपऱ्यात वेगळं पेरून मध्ये काठी रोवली.

जवळजवळ सगळं उगवलं. फोटो काढून सेन्सेईंना पाठवला, काठीसकट. त्यांचं उत्तर आलं, काठीच्या दोन्ही बाजूंची रोपं मोजलीस का? नव्हती मोजली. पावसात छत्री धरून बसले मग, बाबा एका बाजूला, मी एका बाजूला.